उत्तरेचे पाहुणे

(पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातून दरवर्षी हिवाळ्यात असंख्य पक्षी आपल्याकडे येतात. जालना शहराजवळच्या तलावावर आपल्या वर्गाला घेऊन गेलेल्या एका शिक्षकांनी या पक्ष्यांची आणि त्यांच्या दूरच्या मुलखाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

नववीच्या वर्गाला मी निबंध लिहायला दिला होता. विषय होता, ‘मला पाहावेसे वाटणारे ठिकाण’. बहुतेकांनी ताजमहाल, अजिंठा, मुंबईचा समुद्र असे लिहिले होते. काहींनी मक्का-मदिना लिहिले होते. एका मुलाचा निबंध मात्र वेगळा होता. त्याने लिहिले होते, ‘मला टुंड्रा प्रदेश पाहावासा वाटतो. तिथे झाडे नसतात. उन्हाळ्यात रात्री बारा वाजताही सूर्य दिसतो. तिथे पांढरे अस्वल, रेनडिअर आणि कोल्हे असतात, असे भूगोलाच्या पुस्तकात आहे.’ निबंधाचे शेवटचे वाक्य असे होते, ‘पण आमच्या घरातले कोणीही मुंबईच्या पुढे गेलेले नाही, म्हणून मी टुंड्रा प्रदेश नकाशातच पाहीन.’

ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो. व्याकरणाच्या चुका दोनच होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि खाली लाल शाईने लिहिले, ‘निबंध चांगला आहे. रविवारी पहाटे सहा वाजता शाळेच्या फाटकाशी ये. सोबत डबा आण.’

वही परत मिळताच ही बातमी वर्गभर पसरली. “सर, आम्हीपण येऊ?” असे सगळेच विचारू लागले. शेवटी पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, तेव्हा बावीस मुले-मुली तयार झाली.

“पण सर, जायचं कुठे?” मुलांनी विचारले.

“टुंड्राच्या रहिवाशांना भेटायला,” मी म्हणालो. “रिक्षाचं भाडं पुरेल एवढ्या अंतरावर.”

शनिवारी मी वर्गात जगाचा नकाशा टांगला आणि निघण्यापूर्वीची तयारी म्हणून मुलांना त्या मुलखाची माहिती सांगितली.

अतिउत्तरेचा प्रदेश पाहण्याची ओढ माणसाला फार पूर्वीपासून आहे. इब्न बतूता या प्रवाशाचे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. तो चौदाव्या शतकात मोरोक्कोतून निघाला आणि भारतातही येऊन राहिला. आपल्यापासून जवळच असलेले दौलताबाद त्याने पाहिले होते. त्याने आपल्या प्रवासवर्णनात उत्तरेकडील ‘अंधाराच्या मुलखा’विषयीही लिहिले आहे. तिथे सर्वत्र बर्फ असते, माणसाचा पाय आणि घोड्याचा खूर त्यावर ठरत नाही, म्हणून व्यापारी कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांतून प्रवास करतात, असे तो सांगतो. ही माहिती त्याने ऐकून लिहिली. तो स्वतः तिकडे गेला नाही. कष्ट फार आणि लाभ थोडा, असा विचार करून त्याने तो बेत सोडून दिला. जग पालथे घालणाऱ्या इब्न बतूतालाही जो मुलूख दूर वाटला, तो किती दूर असेल!

आज मात्र आपल्या देशाची माणसे तिथे जातात. नॉर्वे देशाच्या उत्तरेला समुद्रात स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातील न्यू-ऑलेसुंद या छोट्याशा वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र आहे. ते १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १२०० किलोमीटर अंतरावर आहे. ‘हिमाद्री’चा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून चालतो. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे काम पाहते. त्या बेटांवर रेनडिअर चरताना दिसतात, ध्रुवीय कोल्हे फिरतात, कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या मोठमोठ्या वसाहती असतात. आणि तिथे पांढरी अस्वलेही आहेत. त्यामुळे वस्तीबाहेर पाऊल टाकताना सोबत बंदूक आणि अस्वलाला घाबरवून पळवण्याची साधने असावी लागतात.

“मग लोक अस्वलांना गोळ्या घालतात?” एका मुलीने विचारले.

“नाही. जीव वाचवण्याचा दुसरा कोणताच उपाय उरला नाही तरच. एरवी तिथे अस्वलाचा पाठलाग करणं, त्याला खाऊ दाखवून जवळ बोलावणं, हा गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून तर असा नियम झाला आहे की, अस्वलापासून निदान तीनशे मीटर दूर राहायचं. १ मार्च ते ३० जून या काळात पाचशे मीटर.”

“एवढ्या लांबून काय दिसणार, सर?”

“अस्वल दिसेल. आपण मात्र त्याला अडचण होणार नाही. जंगली प्राणी पाहण्याची हीच रीत आहे. तो आपल्याकडे पाहू लागला, खाणं सोडून उठला, तर समजावं की आपण जरुरीपेक्षा जास्त जवळ आलो.”

नंतर मी फळ्यावर एक गणित मांडले. जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सायबेरियाच्या उत्तर टोकाचा टुंड्रा प्रदेश ७२ अंशांच्या आसपास आहे. दोन अक्षांशांमधील अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. मुलांनी भराभर वजाबाकी आणि गुणाकार केला. उत्तर आले ५,७७२ किलोमीटर.

“सरळ उत्तरेला गेलं तर इतकं,” मी म्हणालो. “वाट वाकडी असेल तर आणखी जास्त. हे अंतर चालून आलेल्या, नव्हे, उडून आलेल्या पाहुण्यांना आपण उद्या भेटायचं आहे.”

रविवारी फज्रची नमाज आटोपून मुले एकेक करून फाटकाशी जमू लागली. जानेवारीचा महिना होता. थंडीने सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. कानटोप्या, शाली, मफलर यांमुळे कोण कोण आहे तेही ओळखू येईना. मी एका मित्राची दुर्बीण मागून आणली होती. बावीस जणांत ती एकच होती.

घाणेवाडीचा तलाव जालना शहराच्या बाहेर आहे. निजामाच्या राजवटीत शहराच्या पाण्याची सोय म्हणून तो बांधला गेला. रिक्षांतून उतरून आम्ही तलावाच्या कडेने चालू लागलो. मी सूचना दिल्या: “मोठ्याने बोलायचं नाही. पळायचं नाही. सूर्य पाठीशी राहील अशा बेताने बसायचं. पाखरांना आपली सवय होईपर्यंत थांबायचं.”

बसता बसता एका मुलाच्या खिशातून काहीतरी खाली पडले. त्याने ते चटकन उचलले, पण मी पाहिले होते. ती गलोल होती. मी त्याला रागावलो नाही. पाखरे निवांत होईपर्यंत वेळ होता. तेवढ्यात मी हळू आवाजात मुलांना एक गोष्ट सांगितली.

“मुंबईत दहा-एक वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याजवळ छऱ्याची बंदूक होती. एके दिवशी त्याने एक चिमणी मारली. हातात घेऊन पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ‘ही कोणती चिमणी?’ त्याने मामांना विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवलं. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्या चिमणीचं नाव सांगितलंच, शिवाय कपाटं उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखवले. मुलगा पाहतच राहिला. तो पुढे कोण झाला, माहीत आहे?”

“सालिम अली!” दोन-तीन मुले एकदम म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

“बरोबर. १८९६ साली जन्मलेले डॉक्टर सालिम अली. सगळं जग त्यांना भारताचे थोर पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखतं. त्यांनी १९३१-३२ साली निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपलं जालना त्याच राज्यात होतं. १९७६ साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते काळ्या मानेचा क्रौंच पाहायला लडाखच्या थंड पठारावर गेले. ‘ही कोणती चिमणी?’ हा एक प्रश्न त्यांना इतका पुरला.”

गलोलवाल्या मुलाने मान खाली घातली. मी पुढे काही बोललो नाही.

एव्हाना धुके विरळ झाले होते. समोरच्या काठावर नारिंगी, विटकरी रंगाची दोन मोठी पाखरे उभी होती. मी दुर्बीण पुढे केली.

“ही जोडी पाहा. मराठीत यांना चक्रवाक म्हणतात. आणि आपल्या उर्दूत?”

कोणालाच सांगता येईना.

“सुर्खाब!”

मुलांचे डोळे मोठे झाले. ‘तुला काय सुर्खाबचे पर लागले आहेत?’ हे वाक्य प्रत्येकाने घरी ऐकलेले असते. स्वतःला इतरांहून वेगळा समजणाऱ्याला असे विचारतात. पण ज्याचे पर इतके नावाजलेले, तो सुर्खाब कोणीही पाहिला नव्हता. पाहता पाहता त्या जोडीने पंख उघडले. पंखांचा पुढचा भाग पांढराशुभ्र आणि टोके काळी होती. “पर खरंच भारी आहेत, सर,” एक मुलगी म्हणाली.

चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांच्या परिसरात पिल्ले वाढवतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतात. नर-मादी रात्री एकमेकांपासून दुरावतात, अशी जुनी कविकल्पना आहे. संस्कृत कवींचा चक्रवाक आणि आपल्या आजीच्या गोष्टीतला चकवा हा एकच पक्षी आहे. ताटातूट ही मात्र कल्पनाच आहे. आमच्यासमोरची जोडी तर एकमेकांना सोडायला तयार नव्हती.

पाण्याच्या मधोमध बदके तरंगत होती. घरातील वडीलधारी माणसे ज्यांना सरसकट मुर्गाबी म्हणतात, त्यांत निरनिराळ्या जाती असतात. एकाची चोच पुढे चमच्यासारखी पसरट होती. त्याचे नाव थापट्या. दुसऱ्याची शेपटी लांब व टोकदार होती. त्याचे नाव तलवार बदक. “माझे दादा मुर्गाबीची शिकार करायचे,” एक मुलगा म्हणाला. “त्या वेळी अनेक जण करत,” मी सांगितले. “पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता या पक्ष्यांची शिकार करणं गुन्हा आहे.”

आम्ही ज्यांच्यासाठी आलो होतो ते पाहुणे मात्र पाण्यात नव्हते. ते काठच्या चिखलात होते. चिमणीएवढी, करड्या रंगाची, पन्नास-साठ पाखरे एकसारखी धावत होती. त्यांच्या काळ्या चोची शिवणयंत्राच्या सुईसारख्या चिखलात खालीवर होत होत्या.

“हेच टुंड्राचे रहिवासी,” मी म्हणालो. “नाव छोटा टिलवा.”

मुलांची निराशा झालेली दिसली. पांढऱ्या अस्वलांच्या मुलखातला पाहुणा निदान कोंबडीएवढा तरी असावा, असे त्यांना वाटले असावे.

तेवढ्यात सगळा थवा भुर्रकन उडाला. एक पाखरू मात्र जागेवरच फडफडले आणि खाली पडले. पुन्हा उडाले, पुन्हा पडले. दोन मुले उठून धावणार, इतक्यात पाण्यातून आवाज आला, “आरं थांबा, थांबा! घाई करू नका!”

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक वृद्ध मच्छीमार जाळे काढीत होते. ते काठाला आले आणि चिखलात उतरले. पाखराच्या पायाला नायलॉनचा बारीक धागा गुंडाळला गेला होता. कोणीतरी टाकून दिलेल्या जाळ्याचा तो तुकडा होता. पाखरू जितके धडपडे, तितका धागा आवळत जाई.

“वढलं तर पाय तुटंल त्याचा,” ते म्हणाले. त्यांनी एका हाताने पाखराला अलगद धरले, दुसऱ्या हाताने ब्लेडचा तुकडा काढला आणि धाग्याचा एकेक वेढा कापला. मुले श्वास रोखून पाहत होती.

“काका, तुम्ही याला ओळखता?” निबंधवाल्या मुलाने विचारले.

“ओळखतो की. नाव काय ठावं नाही. दरसाल थंडीत येतेत, उन्हाळा लागला की जातेत. कुठं जातेत, ते त्यांचं त्यांना माहीत.”

“सायबेरियाला जातात, काका. टुंड्रामध्ये,” मुलगा म्हणाला. “पाच हजार सातशे बाहत्तर किलोमीटर!”

काकांनी एकदा मुलाकडे आणि एकदा हातातल्या पाखराकडे पाहिले. “एवढंसं हे? खरं म्हणता, गुरुजी?”

“खरं आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मुलाला तळहात पसरायला सांगितला आणि पाखरू त्यावर ठेवले. छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे पाच रुपयांची चार नाणी. “सर, वजनच लागत नाही,” मुलगा हळूच म्हणाला. “नुसतं काळीज उडतंय, तेवढंच कळतं.” दोन क्षण पाखरू तसेच बसून राहिले. मग त्याने मान हलवली आणि एकदम झेप घेतली. पाण्याला लागून ते दूर गेले आणि आपल्या थव्यात मिसळले.

आता कोणाची निराशा उरली नव्हती. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. ते इतक्या लांब का जातात? आणि जातात तर परत का येतात?

आम्ही काठावर डबे उघडले आणि मी सांगू लागलो. टुंड्राचा उन्हाळा लहान असतो, पण त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. वरचे बर्फ वितळते. खालची जमीन मात्र गोठलेलीच राहते, म्हणून पाणी मुरत नाही. जिकडे तिकडे डबकी साचतात आणि त्यांत डास व किडे अमाप होतात. माणसाला ते नकोसे वाटतात, पण पिल्लांना ती मेजवानी असते. टिलव्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. चोवीस तास उजेड असल्याने ती झपाट्याने वाढतात. हा हंगाम संपला की पुन्हा बर्फ पडू लागते, किडे नाहीसे होतात आणि चिखल दगडासारखा घट्ट होतो. चोच रुतणारच नाही, तर खाणार काय? म्हणून हे पक्षी दक्षिणेची वाट धरतात. मोठे पक्षी आधी निघतात. पिल्ले मागून येतात. ज्या वाटेने ती कधी गेलेली नसतात, ती वाट ती आपली आपण शोधतात.

“म्हणजे आईबापाशिवाय?” एका मुलीने विचारले.

“हो. आईबापाशिवाय, नकाशाशिवाय. ही वाट त्यांना कशी कळते, याचा अभ्यास शास्त्रज्ञ अनेक वर्षे करत आहेत. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा पक्ष्यांना उपयोग होतो, एवढे आता कळले आहे.”

आता तर काही पक्ष्यांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसवून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग काढता येतो. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब नावाचे हंस येतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. असे हंस हिमालय पर्वत ओलांडून जातात. यंत्र बसवलेला असा एक हंस ७,२९० मीटर उंचीवरून उडत असल्याची नोंद झाली आहे. पट्टेदार शेपटीच्या पाणटिवळ्याने तर कमालच केली. २०२२ साली या जातीचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि वाटेत कोठेही न उतरता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोहोचले.

मच्छीमार काका जाळे आवरता आवरता सारे ऐकत होते. ते म्हणाले, “गुरुजी, तेरा साली मात्र ही पाखरं इथं दिसली नाहीत. दुष्काळ होता. आधल्या साली पाऊसच झाला नव्हता. तळ्याची जमीन पार भेगाळली. मी जाळं खुंटीला टांगलं अन् पुण्याला बांधकामावर गेलो. पाखरंबी अशीच कुठं पाण्याच्या मागं गेली असतील.”

मुले गप्प झाली. २०१२-१३ चा तो दुष्काळ त्यांना आठवत नव्हता, पण घरी त्यांनी त्याविषयी ऐकले होते. टँकरपुढच्या रांगा, रात्री-अपरात्री पाण्यासाठी उठणारी आई, मोलमजुरीसाठी गाव सोडून गेलेले शेजारी. त्या दुष्काळात पाखरांचेही काही गेले असेल, हे मात्र त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

“हजारो किलोमीटर उडून आल्यावर तलाव कोरडा दिसला, तर ते काय करत असतील?” निबंधवाल्या मुलाने विचारले.

“पुढे जातात, दुसरं पाणी शोधतात,” मी म्हणालो. “अंगात बळ उरलं असेल तर.”

त्या सुमारास शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन या तलावातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले होते. शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपापल्या शेतात नेऊन टाकला. गाळ निघाल्याने तलावात अधिक पाणी साठू लागते. ते काम माणसांच्या तहानेसाठी होते, पण त्याचा फायदा सुर्खाबला आणि टिलव्यालाही मिळाला. पाण्याची राखण करणारा माणूस नकळत पाहुण्यांचीही सोय करीत असतो.

डबे आवरल्यावर मी निघण्याची सूचना दिली. पण गलोलवाला मुलगा जागचा उठेना. तो काठाच्या चिखलातून नायलॉनचे तुटके धागे गोळा करीत होता. त्याला पाहून दुसरी मुलेही वाकली. पाखरांचा थवा दूर होता, तिकडे मात्र कोणी गेले नाही. हे कोणाला सांगावे लागले नाही. तासाभरात एक गोणी धागे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्यांनी भरली. मच्छीमार काकांनीही आपल्या तराफ्यावरचे तुटके जाळे त्या गोणीत टाकले. “आता पाण्यात नाही टाकणार,” ते म्हणाले.

आमच्या वर्गात आता एक वही ठेवलेली आहे. तिच्यावर मुलांनी मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत ‘पाहुण्यांची नोंदवही’ असे लिहिले आहे. सुर्खाब कधी आला, टिलवे किती दिसले, तलावात पाणी किती होते, याची नोंद त्यात होते. महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा ‘पक्षिकोश’ लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. त्या सप्ताहात वहीचे नवे पान उघडायचे, असे मुलांनी ठरवले आहे.

सोमवारी निबंधवाल्या मुलाने आपली वही पुन्हा माझ्यासमोर ठेवली. त्याने शेवटचे वाक्य खोडले होते आणि त्याजागी लिहिले होते, ‘मी टुंड्रा प्रदेश पाहिलेला नाही. मोठा झालो की पाहीन. पण तिकडचा एक रहिवासी माझ्या तळहातावर दोन क्षण बसला होता. तो उन्हाळ्यात घरी जाईल आणि हिवाळ्यात परत येईल. तेव्हा आमच्या तलावात पाणी असले पाहिजे.’

या वेळी दुरुस्त करण्यासारखी एकही चूक मला सापडली नाही.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. ओढ – तीव्र इच्छा. बेत – विचार, योजना. गलोल – दगड मारण्याचे रबरी साधन, गुलेल. अलगद – हळुवारपणे. तराफा – पाण्यावर तरंगणारे साधे साधन. वेढा – गुंडाळा. अमाप – मोजता येणार नाही इतके. गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेली माती. भेगाळणे – भेगा पडणे. राखण – रक्षण. ठावं – (बोलीभाषेत) ठाऊक, माहीत.

वाक्प्रचार

जग पालथे घालणे – सर्वत्र प्रवास करणे. श्वास रोखून पाहणे – अतिशय उत्सुकतेने पाहणे. माग काढणे – शोध घेणे. कमाल करणे – आश्चर्य वाटेल असे काम करणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इब्न बतूताने अंधाराच्या मुलखात जाण्याचा बेत का सोडला?
(आ) ‘हिमाद्री’ केंद्र कोठे आहे?
(इ) टिलव्याच्या पायाला काय गुंडाळले होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टिलवे टुंड्रा प्रदेश सोडून दक्षिणेकडे का येतात?
(आ) जंगली प्राणी पाहण्याची योग्य रीत कोणती, असे शिक्षक सांगतात?
(इ) तलावातील गाळ काढल्याने माणसांचा आणि पक्ष्यांचा कोणता फायदा झाला?

३. शिक्षक गलोलवाल्या मुलाला का रागावले नसतील? तुमचे मत लिहा.

४. मच्छीमार काकांची बोलीभाषेतील दोन वाक्ये पाठातून शोधा व ती प्रमाण मराठीत लिहा.

५. पुढील उर्दू नावांसाठी पाठात आलेले मराठी शब्द लिहा : सुर्खाब, गुलेल.

६. उपक्रम : आपल्या गावाजवळील तलाव, नदी किंवा बंधारा येथे मोठ्या माणसांसोबत जा. तेथे दिसलेल्या पक्ष्यांची संख्या, रंग व हालचाल यांची नोंद करा. नाव माहीत नसल्यास घरातील व गावातील वडीलधाऱ्यांना विचारा.